सुनंदाआक्कांचं 'कधीतरी'

सुनंदा मगदूम यांच्यासमोर "मी काहीच केलं नाही" असं म्हणायची सोय नव्हती. पहिल्याच दिवशी मी ते म्हणालो आणि पस्तावलो.

कॉलेजात मराठी शिकवून मी निवृत्त झालो होतो. कानडीही बरी येते, म्हणून बेळगावच्या टिळकवाडीत एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर चालणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीनं मला बोलावून घेतलं. स्क्रीनवरच्या बटणांवर दोन्ही भाषांत काय लिहायचं, ते सांगायचं काम. आयुष्यभर मुलांना 'थोडक्यात लिहा' म्हणत आलो, त्याची शिक्षा म्हणून देवानं मला एका एका शब्दाचे निबंध दिले होते.

जिना चढून वर गेलो तर एक चाळिशीच्या, ठसठशीत बाई खुर्ची ओढून म्हणाल्या, "या सर. ह्या स्क्रीनवर जरा हात चालवा." मी हात चालवला. थोड्याच वेळात स्क्रीन गप्प झाली.

"काय केलासा?"

"काहीच नाही."

"काहीच न्हाय, आणि आपोआप असं झालं. सगळी माणसं असंच म्हणत्यात, सर. पोलीस ठाण्यात बी आणि हितं बी."

मग त्यांनी कुठली तरी कळ दाबली आणि माझं सगळं वागणं स्क्रीनवर पुन्हा पहिल्यापासून घडू लागलं. माझ्या बोटाच्या जागी एक पिवळा ठिपका होता. तो ठिपका 'मागे' या बटणापाशी जायचा, थबकायचा, परत फिरायचा. लग्नाच्या पंगतीत ओळखीचं कुणी दिसतंय का म्हणून घोटाळणाऱ्या माणसासारखा. शेवटी त्यानं धीर करून बटण दाबलं, आणि लगेच भीती वाटून पुन्हा दाबलं. तिथं स्क्रीन गप्प झाली.

"हे बगा तुमचं 'काहीच न्हाय'," असं म्हणून आक्का हसल्या. ते हसणं ऐकून खालच्या दुकानात पत्रा कापणारा माणूस थांबायचा, हे मला नंतर कळलं.

सगळे त्यांना आक्काच म्हणायचे. मी वयानं मोठा, मीही म्हणायला लागलो. कंपनीचे मालक किरणसाहेब, तेही म्हणायचे. किरणसाहेबांच्या कार्डावर त्यांचा हुद्दा दोन ओळींत मावत नव्हता. ऑफिसातली सगळी माणसं मात्र एका रिक्षात मावली असती, जरा दाटीवाटीनं. आक्का निपाणीच्या, जैन शेतकरी घरातल्या. वडील, म्हणजे त्यांचे अण्णा, अजून तंबाखू लावत होते. आक्का रोज निपाणीहून बसनं यायच्या आणि बसनं परत जायच्या. सूर्य मावळल्यावर त्या काही खात नसत. त्यामुळे ऑफिसात घड्याळ होतं तरी खरी वेळ आक्कांच्या डब्याची. पश्चिमेच्या खिडकीत त्यांनी डबा उघडला की कुणी कितीही महत्त्वाची मीटिंग लावली असली तरी ती संपलेली असायची.

तीन वर्षं त्या बेंगळुरूला नोकरी करून आल्या होत्या. परत का आलात, असं विचारलं तर म्हणायच्या, "तिथं सूर्य कवा मावळला ते कळतच न्हाय ओ, सर. ट्रॅफिकमध्ये बसलं की जेवण गेलं. उपाशी माणसाला कसला पगार आणि कसलं काय."

बेंगळुरूहून त्यांनी प्रोग्राम लिहायची एक वेगळी पद्धत आणली होती. तिचं नाव फंक्शनल रिॲक्टिव्ह प्रोग्रॅमिंग. किरणसाहेब हे नाव पाहुण्यांसमोर अभिषेकाच्या मंत्रासारखं, अर्थाची फिकीर न करता म्हणायचे. आक्का तेच मळ्यात उभ्या राहून सांगितल्यासारखं सांगायच्या, आमच्याकडच्या बायका बोलतात तसं 'सांगतो', 'दिलो' करत.

"बाकीची माणसं प्रोग्राम कसा लिवत्यात? बटण दाबलं की हे कर, मग ते कर, मग तिकडलं पुस, आणि विसरू नको. पाव्हणे आल्यावर सुनेला सांगत्यात तसं. एक तरी काम राहतंयच. मी कामं सांगत न्हाय. मी नातं सांगतो. स्क्रीनवर खाली दिसणारं नाव म्हंजे ज्या चित्राला शेवटी बोट लागलं त्याचं नाव. कवा? नेहमी. संपलं."

"पण यानं चूक सापडायला काय मदत होते?" मी विचारलं.

"मळ्यात वरनं पाणी कवा सोडलं आणि किती सोडलं ते ठावं असलं, तर खालच्या सरीत काय येणार ते ठावं असतंय की न्हाय? आज तेच पाणी त्याच वेळेला सोडा, उद्या सोडा, सरीत तेच येणार. आलं न्हाय तर मधी कुठंतरी उंदरानं बीळ केलंय. मग माणसाचं बोट कशाला पायजे? खोटं बोट सोडायचं वरनं."

त्या खोट्या बोटाला ऑफिसात नाव होतं, गुंजीची मावशी. आक्कांची खरी मावशी गुंजीत स्टेशनजवळ राहते. ती एकदा निपाणीला आली आणि एका दुपारीत टीव्ही, मिक्सर आणि विहिरीची मोटर अशी तिन्ही बंद पाडून गेली. कशी, ते तिलाही सांगता आलं नाही. त्या प्रतिभेनं भारावून आक्कांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो दुसऱ्या प्रोग्रामवर मनाला येईल तिथं, मनाला येईल तेव्हा बोटं लावत सुटायचा. आम्ही चहाला गेलो तरी मावशी कामावरच. काही मोडलं की स्क्रीनवर लाल पट्टी यायची आणि आक्का टाळी वाजवून ओरडायच्या, "मोडलं रं मावशीनं!" दुसऱ्यानं लिहिलेलं मोडलं तर एक टाळी. स्वतःचं मोडलं तर दोन.

मावशीनं मोडलं तरी ती हजार ठिकाणी बोटं लावून आलेली असायची. त्यातल्या नेमक्या कुठल्या बोटानं घात केला? तर मावशीची गोष्ट आटवायची. आक्कांचाच शब्द. दूध आटवतात तसं. अर्धी बोटं काढून टाकायची, बघायचं अजून मोडतंय का. मोडलं तर आणखी काढायची. शेवटी पातेल्याच्या तळाशी दोनतीनच बोटं उरायची आणि चूक तिथंच खरवडीसारखी धरलेली असायची. हे पाहिल्यापासून मला प्रत्येक भाषण आटवून बघायची खोड लागली. बहुतेकांच्या तळाशी काही उरत नाही.

आक्का जगातल्या सगळ्या बोलण्याचे दोन भाग करायच्या. 'नेहमी'चं आणि 'कधीतरी'चं. हे मला निपाणीच्या बसमध्ये समजलं. एका नातेवाइकाकडं जायचं म्हणून मी त्यांच्याबरोबर स्टँडवर गेलो होतो. बस उभी, इंजिन बंद. आक्कांनी कंडक्टरला कधी सुटणार विचारलं. तो म्हणाला, "ईग बिडतैत्री, आक्का. आत्ता सुटतंय."

"लिहून घ्या, सर. हे 'कधीतरी'चं," आक्का म्हणाल्या.

"आत्ता म्हणाला तो."

"त्याचं आत्ता म्हंजे कधीतरीच. आणि गंमत बगा, तो खोटा ठरत न्हाय. अजून सुटली न्हाय? मग सुटंल. तास झाला? तरी सुटंल. 'कधीतरी' म्हणणाऱ्याला तुम्ही कवाच खोटं पाडू शकत न्हाय, वाट बघत बसायचं. 'नेहमी' म्हणणारा मात्र एका क्षणात सापडतोय. एकदा चुकला की गेला." मग कंडक्टरकडं वळून, "अण्णा, तुमची गाडी नेहमी वेळेवर सुटती म्हणा की एकदा!"

कंडक्टर शहाणा होता. तो म्हणाला, "ते मी कशाला म्हणू?"

"बगा," आक्का खूश होऊन म्हणाल्या, "आडाणी न्हाय माणूस."

तर असं सगळं चाललेलं असताना वडगावच्या विणकरांच्या एका सोसायटीचं काम आलं. सोसायटीनं साड्यांचं नवं विक्री दालन बांधलं होतं. तिथं भिंतीवर माणसाएवढी स्क्रीन. गिऱ्हाइकानं काठाला बोट लावावं, अंगाला लावावं, पदराला लावावं. लावेल त्या भागाच्या रंगाचं नाव खाली दोन्ही भाषांत उमटेल. सोसायटीच्या चेअरमन आप्पांनी एकच अट घातली होती. दोन्ही भाषा एकदम दिसल्या पाहिजेत, सारख्या आकारात. "एक पुढं, एक मागं असं एक क्षण बी चालणार न्हाय. बेळगाव हाय हे."

बाहेरच्या माणसाला यात विनोद वाटेल. आमच्याकडं दुकानाच्या पाटीवरच्या अक्षरांची उंची पट्टीनं मोजणारी माणसं मी पाहिली आहेत.

आक्कांना ती अट फार आवडली. "हे खरं 'नेहमी'चं काम," त्या म्हणाल्या.

किरणसाहेबांनीही एक अट घातली, आम्हाला. उद्घाटन नीट पार पडलं तर ऑफिस बेळगावात राहील. नाही तर गाशा गुंडाळून सगळ्यांनी बेंगळुरूला जायचं, येतील त्यांनी. आक्का जाणार नव्हत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. बेळगाव-निपाणीत त्यांच्या या कामाला दुसरीकडं कुठं जागा नव्हती, हेही. त्या दिवशी त्या डबा खाताना हसल्या नाहीत. खालचा पत्रा संध्याकाळपर्यंत न थांबता कापला जात होता.

दालनात चार दिवस चाचणी म्हणून स्क्रीन लावली. सोसायटीतल्या घरच्या माणसांनी येऊन वापरून बघावी म्हणून. आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर एक फोटो फिरू लागला. साडी छान, काठ छान. खाली मराठीत लिहिलेलं 'डाळिंबी'. आणि कानडीत 'अरिशिण', म्हणजे हळदी.

चेअरमन आप्पांना दोन्हीकडून फोन गेले. एका बाजूचं म्हणणं, कानडीत चुकीचं लिहून अपमान केला. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, चूक मराठीतच आहे आणि अपमान आमचाच. आप्पा स्वतः जिना चढून धापा टाकत वर आले.

"साडी एक आणि रंग दोन? आमची साडी दोन तोंडानं बोलाय लागली ओ!"

ऑफिसातल्या पोरांनी स्क्रीनवर बोटं लावून दाखवली. दोन्ही नावं अगदी जुळ्या बहिणींसारखी बरोबर बदलत होती. फोटो खोटा आहे, कुणीतरी बनवलाय, असं पोरं म्हणाली. आक्कांनी दालनातली चार दिवसांची साठवलेली सगळी बोटं पुन्हा चालवून पाहिली. पिवळा ठिपका हिंडला, फिरला. कुठं काही मोडलं नाही. मावशीला सोडलं. मावशीलाही सापडलं नाही.

किरणसाहेब म्हणाले, "उद्या स्क्रीनवर साडीची फिल्म लावू. पाहुण्यांना काय कळतंय?"

"लावा की," आक्का म्हणाल्या. "पण पाव्हण्यानं बोट लावलं तर? फिल्मला बोट कळत न्हाय, साहेब." मग आप्पांकडं वळल्या. "आप्पा, फोटो कुणी काढला ते सांगा. मला तक्रार नको, गोष्ट पायजे."

फोटो काढणारी वडगावचीच निघाली. रेणुका, एका विणकराघरची सून. दुपारी आम्ही दालनात पोचलो तेव्हा ती भिंतीला टेकून, आता आपल्याला पोलीस धरणार अशा चेहऱ्यानं उभी होती.

"काहीच केलो न्हाय ओ, आक्का," ती म्हणाली. "भैणीला दावायचं म्हणून फोटो तेवढा काढलो."

आक्कांनी माझ्याकडं पाहिलं आणि डोळा बारीक केला. "ठावं हाय मला. तू जे काहीच केली न्हाईस, ते परत करून दाव बगू."

रेणुका बिचकत स्क्रीनसमोर गेली. डाव्या हातात मोबाइल धरला. उजवा हात पुढं केला, आणि काठ जिथं अंगाला मिळतो तिथं अंगठा आणि बोट ठेवून काच चिमटीत चोळायला लागली. साडी चोळतात तशी. खाली मराठी 'डाळिंबी' झालं, 'हळदी' झालं, 'डाळिंबी' झालं. कानडी नाव प्रत्येक वेळी एक पाऊल मागं. चोळणं थांबलं की दोन्ही जुळायची. चोळलं की पुन्हा फाटायची.

"हे काय करूलालीस गं?" आप्पांनी विचारलं.

"पोत बगूलालोय की."

"काचंवर?"

रेणुका लाजली. "हात जातोयच ओ, आप्पा. साडी दिसली की हात जातोयच."

मग आक्का हसायला लागल्या. हसता हसता भिंतीला टेकल्या, भिंतीवरून घसरून खाली फरशीवर बसल्या आणि तिथंही हसत राहिल्या. "आमचे अण्णा तंबाखूचं पान असंच बघत्यात! टीव्हीत तंबाखू दिसली तरी चिमूट वळतीया त्यांची! आणि मी मावशीला बोट दिलो एकच. एकच बोट! आंगठाच दिलो न्हाय!"

गोष्ट अशी होती. बोटं साठवणारा प्रोग्रामही आक्कांनीच लिहिला होता आणि तो एका वेळी एकच बोट लिहून घ्यायचा. दुसरं लागलं तर सोडून द्यायचा. म्हणून पिवळ्या ठिपक्याला काही सापडलं नाही. बेंगळुरूत काय, कुठंही काय, माणूस स्क्रीनला एक बोट लावतो. वडगावात साडीला एक बोट लावणारा माणूस जन्माला यायचाय.

या सगळ्या वेळात चेअरमन आप्पा स्क्रीनपाशी गेले होते. "कुठं म्हणालीस?" म्हणून त्यांनी काठ चिमटीत धरला, जाणत्या माणसासारखा चोळला आणि नकळत बोलून गेले, "धागा बरा हाय." त्यानंतर आक्कांना उठवायला रेणुकाची आणि माझी मदत लागली.

ऑफिसात परतल्यावर मावशीला अंगठा दिला. मावशीनं काच चोळली मात्र, लगेच लाल पट्टी. आक्कांनी दोन टाळ्या वाजवल्या. गोष्ट आटवली तर तळाशी दोनच बोटं उरली, अंगावर अंगठा आणि काठावर बोट. मराठी नाव सरळ रंगावरून येत होतं. कानडी नाव मात्र एका जुन्या तुकड्यातून वळसा घेऊन येत होतं. तो तुकडा कुणी तरी 'चालतंय की' म्हणून तसाच ठेवलेला. बोट निवांत लागलं तर वळसा लपून जायचा. दोन बोटं पाठोपाठ लागली की उघडा पडायचा.

"पाटाला उंदराचं बीळ," आक्का म्हणाल्या. त्यांनी तुकडा काढून टाकला आणि दोन्ही नावं एकाच रंगाला, एकाच क्षणाला बांधली. खिडकीत ऊन तांबूस होत होतं. मावशीला चांगली दहा बोटं देऊन त्यांनी सोडून दिलं, डबा उघडला आणि स्क्रीनकडं पाठ करून जेवायला बसल्या. किरणसाहेब त्यांच्यामागं स्क्रीनकडं टक लावून उभे. आक्कांनी शेवटचा घास संपवला, वर पाणी घेतलं, बाहेर पाहिलं. सूर्य अजून बोटभर वर होता.

"लाल झालं?" त्यांनी न वळता विचारलं.

"नाही," किरणसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज प्रथमच कार्डापेक्षा लहान वाटला.

उद्घाटनाला एक मोठे पाहुणे आले होते. हार, तुरे, शाल, मग भाषण. विणकरांसाठी हे करू, ते करू, लवकरच. आक्का माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून पुटपुटत होत्या, "कधीतरी… कधीतरी… हे बी कधीतरी." एकदा पाहुणे "मी नेहमीच तुमच्या पाठीशी" असं म्हणाले, तेव्हा आक्का एकदम सावरून बसल्या आणि म्हणाल्या, "अरं देवा. सापडला."

पाहुण्यांनी एका बोटानं, सभ्यपणे, काठाला स्पर्श केला. डाळिंबी, दोन्ही भाषांत. टाळ्या. माझ्यासारख्या माणसाला इथंच घरी जावंसं वाटतं. पण मग वडगावच्या बायका पुढं सरकल्या. कुणी काठ चोळला, कुणी पदर, कुणी दोन्ही हातांनी. एक म्हातारी तर काचेला नाक लावून वास घेत होती. आप्पांनी माइक हातात घेतला आणि उत्साहात सुटले, "चोळा! चोळा! घाबरू नका! ह्या टोकाला चोळा!" स्क्रीनवर रंगांचा नुसता धुमाकूळ उडाला होता आणि खाली दोन्ही भाषा हातात हात घालून फुगडी खेळाव्यात तशा पळत होत्या. डाळिंबी दाळिंब, हळदी अरिशिण, एकीनं दुसरीचा हात सोडला नाही. रेणुका मोबाइल धरून फोटोवर फोटो काढत होती आणि प्रत्येक फोटो आणून आक्कांना दाखवत होती. "ह्यात बी सारखंच ओ, आक्का! ह्यात बी!" आक्का हसत होत्या आणि मला वाटतं थोड्या रडतही होत्या. त्यांना विचारलं असतं तर 'काहीच न्हाय' म्हणाल्या असत्या.

त्या भरात किरणसाहेबांनी माइकवर जाहीर केलं, "आमचं ऑफिस नेहमी बेळगावातच राहील!"

आक्का उठून उभ्या राहिल्या. "साहेब, 'नेहमी' म्हणालासा हां! पुन्यांदा विचार करा! मावशी सोडीन मी तुमच्यावर!"

किरणसाहेब पहिल्यांदाच मनापासून हसले. पण शब्द मागं घेतला नाही. ऑफिस अजून हार्डवेअरच्या दुकानावर आहे. म्हणजे आजपर्यंत तरी त्यांचं 'नेहमी' मोडलेलं नाही.

पुढं माझी नजर कमी झाली आणि मी मुलीकडं कोल्हापूरला राहायला जायचं ठरवलं. सामान पुढं पाठवून मी बसनं निघालो, तेव्हा आक्का रोजच्यापेक्षा लवकर, डबा तसाच घेऊन, त्याच बसला आल्या होत्या. निपाणीपर्यंत त्यांनी मला गुंजीच्या खऱ्या मावशीनं नव्या मोबाइलचं काय केलं ते सांगितलं. आजूबाजूच्या दोन बाकांवरची माणसंही हसत होती.

निपाणी स्टँडवर त्या उतरल्या आणि खिडकीशी आल्या. बस पुढं कोगनोळीवरून कोल्हापूरला निघायची होती. आयुष्यभर शब्दांवर जगलो, आणि तिथं तोंडातून निघालं ते एवढंच.

"येतो, आक्का," मी म्हणालो. "परत येईन भेटायला."

"'नेहमी'चं की 'कधीतरी'चं, सर?"

"कधीतरी."

"बेस झालं," त्या म्हणाल्या. "मग ते कवाच खोटं पडायचं न्हाय."

बस हलली. मी मान वळवून पाहिलं. आक्का स्टँडच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. त्यांनी एकदा सूर्याकडं पाहिलं, अजून वेळ आहे याची खात्री केली आणि डब्याचं झाकण उघडलं.